वांग्याबरोबरचा घोट

सोलापूर, पौष शुद्ध पंचमी, शके १८५५

तीर्थरूप आप्पांच्या चरणी गोजरचा साष्टांग नमस्कार. पत्र वाचून दाखवणाऱ्या सिद्धप्पा मास्तरांनाही नमस्कार. मास्तर, मजकूर गाळू नये. चुका खुशाल काढाव्यात.

माझा खोकला गेला. शाळेतल्या मुली मला घाबरत नाहीत, याची मोठ्या बाईंना काळजी वाटते. संध्याकाळी मी गिरणीतल्या फ्रेंच इंजिनियरच्या बायकोला मराठी शिकवायला जाते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. मादाम आता मला बघून "कुटं चाललीस गं?" असं थेट आपल्या मंद्रूपच्या बायांसारखं विचारतात. ते त्यांच्या माळ्यानं शिकवलं, मी नाही.

पुढचं आई घरात नसताना वाचावं. पण हे वाक्य मोठ्यानं वाचलं गेलंच असणार, तेव्हा आईनंही ऐकावं.

मादामच्या माहेरी द्राक्षांचे मळे आहेत. तिकडून मर्लो नावाच्या द्राक्षांची तांबडी वाइन आली. मादाम वाइन म्हणतात. तुमच्यापाशी मी दारूच म्हणते. रविवारी रात्री त्यांच्याकडे पाहुणे जेवायला आहेत. कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाइन, हे ठरवूनच ती माणसं ताटं मांडतात. इथल्या जेवणाचं त्यांना काही उमगेना, म्हणून त्यांनी माझा डबा उघडायला लावला. शेंगाची चटणी खाऊन घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "तिखटानं ही कडू होते." मग भरलं वांगं खाल्लं, घोट घेतला आणि वांग्याचा आणखी एक घास घेतला. माझ्यासाठी दुसरा पेला काढून तळाशी थोडी ओतली.

"नको तर राहू दे. पण वांगं तुझं. काय कमी, तू सांग."

बळजबरी कुणी केली नाही, आप्पा. मला जाणकार समजून कुणी विचारत होतं. मी घास खाल्ला आणि घोट घेतला.

चव लिहावी की नाही, याचा फार विचार केला. ऐकता ऐकता तुम्हांला जुनं आठवेल, अशी भीती वाटते. जांभळासारखी जीभ आवळली, एवढंच लिहिते. मी म्हणाले, मसाल्यात तिखट निम्मं हवं, तीळ जास्त. दुसऱ्या दिवशी तसं वांगं करून नेलं. पुन्हा घोट घ्यावा लागला. घ्यावा लागला हे खोटं आहे. घेतला. मादाम टाळ्या पिटत म्हणाल्या, "जीभ फार हुशार! कुणाची आणली?"

मी डब्याचं झाकण लावलं.

आपल्या घरात पहिली पाटी माझ्या हातात आली. मला इथं शिकायला धाडताना तुम्ही म्हणाला होतात, "म्या सोडली. तू कंदी धरायची न्हाय. व्हय म्हन." मी व्हय म्हणाले आणि मनात हसले. मी कशाला धरते?

मला ती आवडली, आप्पा. फळ्यावर लिहिताना तोंडात ती चव येते. मादाम जेवणाबरोबर एक पेला घेतात, नवऱ्याशी बोलत बसतात, बाटलीला बूच लावतात आणि विसरतात. मी मात्र बाटलीत किती उरली ते बघत होते.

रविवारी त्यांनी मलाही पंगतीला बोलावलंय. जाणार नाही, असं लिहायला लेखणी टेकवली. लिहवलं नाही.

तुम्ही सोडलीत तेव्हा तुमचे हात थरथरायचे, ते मी पाहिलं होतं. आत काय होत असेल, हे विचारायचं सुचलं नाही. आता विचारते. दिवस कलला की तुम्ही काय करायचात? कुणाजवळ बसायचात? मास्तरांपुढे सांगायला संकोच वाटला तर उत्तर लिहवू नका. रविवारी दुपारपर्यंत स्वतःच या. मी भाकरी करून ठेवीन. तुम्ही समोर असलात तर दिवेलागणीला मी दाराबाहेर पडणार नाही.

रागावला असलात तरी या.

तुमच्यावरच गेलेली,
गोजर