बटण दादाच दाबणार

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.१०
ठरलं. सोळा तारखेला आमच्या हौशी रॉकेट क्लबच्या उड्डाणाला रॉकेट माझं आणि बटण दाबणार दादा. क्लब वीस वर्षांपूर्वी त्यानेच काढला. वर्षभर तो तिकडे फिरकला नाही, म्हणून लोकांनी त्याच्या डोक्याबद्दल काहीबाही उठवलंय. एकदा सगळ्यांसमोर उडवून दाखवलं की तोंडं बंद.
संकल्प: रोज पाचला उठणे. चहा एकच. लिफ्ट-दुरुस्तीच्या तक्रारी संध्याकाळी सहानंतर न घेणे.
(आज सहाला उठलो. पहिला दिवस मोजत नाही.)

५ मार्च, बुधवार
वहिनीचा फोन. दादा दूध आणायला गेला आणि दोन तास बसस्टॉपवर बसून राहिला म्हणे. मी म्हटलं, रिटायर माणूस आहे, बसू दे की. तर म्हणाली, भावजी, पुढच्या गुरुवारी मोठ्या डॉक्टरांकडे जायचंय, तुम्ही बरोबर या.
बघतो म्हटलं. डॉक्टरकडे गेलं की आजार निघणारच. त्यांचा धंदाच आहे तो.

८ मार्च, शनिवार
रॉकेट दादाला दाखवायला नेलं. त्याने पुठ्ठ्याच्या नळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "तिसरा पंख वाकडा बसलाय." फूटपट्टी लावली. खरंच वाकडा! दोन मिलिमीटर. आता बोला!
वहिनी स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, सकाळपासून चारदा विचारलं, आई कधी येणार म्हणून. आईला जाऊन अकरा वर्षं झाली. मी म्हटलं, आई कुणाला आठवत नाही?
चहा दोन कप झाला. दुसऱ्याच्या घरचा धरत नाही.

१३ मार्च, गुरुवार
डॉक्टरकडे जाता आलं नाही. हॉस्पिटलची नव्हे, एका ऑफिसची लिफ्ट बंद पडली होती. अकराला सुरू झाली. मग घरी येऊन पंखांना रंग दिला. रंग वाळायला वेळ लागतो, तो काही माझ्या हातात नाही.
वहिनी एकटीच घेऊन गेली. डॉक्टरने दादाला सांगितलं, घड्याळ काढा. दादाने मनगटावरचं काढून दिलं. कागदावर चित्र काढायचं होतं म्हणे. मग चूक कुणाची? नीट विचारायला नको?
हे आता वाढत जाणार असं तो डॉक्टर म्हणाला. एवढं सांगून वहिनीने फोन मध्येच ठेवला. मला वाटलं लाइन तुटली.

१६ मार्च, रविवार. सकाळी ६.४५
दादाच्या घरी. पॅराशूट भरायचं काम त्यालाच दिलं. वहिनी म्हणाली, तुम्हीच भरा, त्यांना नुसतं बसवा. मी ऐकलं नाही. पॅराशूटची घडी घालावी तर दादानेच. मध्येच गिऱ्हाइकाचा फोन आला, गॅलरीत गेलो. परत आलो तर टोक लावून तयार. एकदम घट्ट. उघडून पाहिलं नाही. विश्वास म्हणून काही असतो.

सकाळी ९.२०
मैदान. वारा बेताचा. उड्डाणाआधीच्या तपासणीला क्लबातली दातांची डॉक्टरीणबाई. म्हणते, टोक काढून दाखवा. मी म्हटलं, दादाने भरलंय, तुम्हाला क्लबात त्यानेच घेतलं होतं. ती दादाकडे बघून ओशाळली. टिक केलं.

दुपारी ३.००
लिहून टाकतो.
आकडे उलटे मोजले, सगळ्यांनी मिळून. दादाने बटण दाबलं. काय गेलं! सरळ, एका रेषेत. टाळ्या. वर टप्प आवाज झाला, टोक सुटलं, पांढरं काहीतरी बाहेर आलं. उघडलं, उघडलं, म्हणून मीच ओरडलो. मग लक्षात आलं, आपलं पॅराशूट नारिंगी आहे.
रॉकेट दगडासारखं आलं. वहिनीच्या खुर्चीपासून दहा पावलांवर. नळी चेपली, तिन्ही पंख गेले. वहिनी दोन्ही हात डोक्यावर धरून तशीच बसली.
पांढरं ते सावकाश तरंगत उतरलं. दादाचा रुमाल. इस्त्रीचा.
ऊन होतं. दादाने खिशात हात घातला, नारिंगी पॅराशूट काढलं आणि त्याने तोंड पुसलं. दोरे हनुवटीवर लोंबत होते. कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
दादा मला म्हणाला, "छान गेलं. कुणाचं होतं?"

१७ मार्च, सोमवार
डॉक्टरीणबाईचा फोन. चूक माझी, मी तपासायला हवं होतं, म्हणाली. मी म्हटलं, छे, वरचा वारा. तर म्हणाली, माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं. मी विचारलं नव्हतं.
चहा चार कप. पाच.

२० मार्च, गुरुवार
आज डॉक्टरकडे मी गेलो. वहिनीला सांगितलं, तुम्ही बसा, दादाला मी आत नेतो. ती म्हणाली, मागच्या वेळी मी दारातच रडले होते, भावजी, कुणी धरायला नव्हतं.
डॉक्टरने माझ्याकडे बोट दाखवून दादाला विचारलं, हे कोण? दादा म्हणाला, "आमच्या क्लबातले आहेत. फार मदत करतात."
मी हो म्हटलं.
औषधाच्या रांगेत वहिनी उभी होती. आम्ही दोघं बाकावर. दादाने अगदी अदबीने विचारलं, "तुम्हाला भाऊबिऊ?"
मी म्हटलं, एक आहे. थोरला.
"मग तुम्हाला काळजी नाही," दादा म्हणाला.