काका म्हणजे काय

१० सप्टेंबर १९८३, शनिवार
गणपती बसले. आरती उत्तम झाली. नंतर घात झाला. माझ्याच ओटीवर, माझाच मोदक खात, रघूने मला संपवले. हा रघू शेजारी. तीस वर्षे बोटीवर खलाशी होता. वाडी त्याला काका म्हणते. मला दादा म्हणते, पहिल्यापासून. कोणीतरी विचारले, काका, आफ्रिकेत कसे बोलतात हो? तर म्हणे, मोंबासाला दादा म्हणजे बहीण. सगळे माझ्याकडे बघून हसले. राहीसुद्धा. राही माझी बायको आहे.

११ सप्टेंबर
विहिरीवर केरूने विचारले, काय ताई, आज लवकर? अडुसष्ट वर्षांचे नाव एका मोदकात गेले.
निश्चय : सूड. रघूचेही नाव घालवायचे. जग मोठे आहे. काका या शब्दाला कुठेतरी वाईट अर्थ असणारच. चौथीपर्यंत शिकलेला माणूस काय करू शकतो ते आता दिसेल. (चौथीला गणित राहिले. पण या कामाला गणित लागत नाही.)

१२ सप्टेंबर
दुसरा निश्चय : सूड पुरा होईपर्यंत रघूशी बोलणे बंद. दुपारी आला, नेहमीसारखा पानाच्या डब्यापाशी बसला. अजिबात बोललो नाही. सुपारी हवी का, एवढेच विचारले. आणि कात. आणि गुडघा कसा आहे.

१९ सप्टेंबर
बाजारात गेलो. बेकरीतला पेद्रू मूळ गोव्याचा, पोर्तुगीज जाणतो. विचारले, तुमच्यात काका म्हणजे काय? हसू लागला. सांगेना. शेवटी कानात म्हणाला, लहान मूल लंगोटात करते ते.
परमेश्वर आहे! आनंदात बटर न घेताच घरी आलो. राही म्हणाली, मग गेला होता कशाला?

२२ सप्टेंबर
योजना पक्की. दसऱ्याला सगळी वाडी देवळात जमते. सोने वाटून झाले की उभे राहायचे आणि जाहीर करायचे.
एका अर्थाने भागणार नाही. पुतण्या बाबल्या मुंबईला गोदीत असतो, त्याला कार्ड टाकले. योजना पूर्ण लिहिली. पेद्रूचा अर्थ लिहिला. परदेशी बोटींवरच्या लोकांना विचारून आणखी अर्थ कळव म्हटले. वर ‘अत्यंत गुप्त’ लिहून खाली दोन रेघा मारल्या. घरात पाकीट नव्हते. काही बिघडत नाही. पोस्टात लोकांची कार्डे वाचायला कोणाला वेळ असतो? मी तिथे एकतीस वर्षे पॅकर होतो. मलाच काय तो असायचा.

६ ऑक्टोबर
बाबल्याचे उत्तर आले. न्यूझीलंडच्या मूळ लोकांत काका म्हणजे एक जातीचा पोपट. पंजाबात लहान मुलगा. पोपट चालेल. मुलगा नको, त्याने रघूचे वय कमी होते.
कार्ड देताना रामा पोस्टमन म्हणाला, पोपट बरा आहे हो, पण तुम्ही आपला बेकरीवालाच धरा. हुशार माणूस. नुसत्या अंदाजाने बोलला.

१५ ऑक्टोबर
गोठ्यात भाषणाची तालीम केली. म्हैस स्तब्ध झाली. उद्या रघू वाडी सोडून जाईल. जाताना निरोप घ्यायला आला तर बोलावे की नाही, ठरत नाही.

१६ ऑक्टोबर, दसरा
उभा राहिलो. घसा खाकरला. म्हटले, मंडळी, काका या शब्दाचा पोर्तुगीज भाषेत… तोच सगळ्या देवळाने एका सुरात अर्थ सांगितला. बायकांनीसुद्धा. गुरवानेही.
सर्वांत जास्त रघू हसला. म्हणे, बोटीवरचा गोवेकर कुक मला तेच समजून हाक मारायचा, तरी मी जेवायला पहिला. मग म्हणे, आता माझेही ऐका. मोंबासाला काका म्हणजे थोरला भाऊ. काका आणि दादा, भाऊ आणि बहीण. आमची बहीण तुळसा वैशाखात गेली. देवीने आज दुसरी दिली.
असे म्हणून माझ्या हातात सोने ठेवले आणि मिठी मारली. आतून तो घाबरलेला होता. मिठी फार घट्ट होती.
सूड अर्धा झाला असे धरतो.

५ नोव्हेंबर, पाडवा
उद्या भाऊबीज. तुळसा नाही, तेव्हा रघूला ओवाळणारे कोणी नाही. बसेल एकटा. बरी अद्दल घडली.
असे लिहून ठेवतो. नंतर खोडता येईल.

६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी रघू नवा शर्ट घालून हजर. राहीने पाट मांडलेला, निरांजन तयार. म्हणजे कट होता. मी साफ नाही म्हटले. पुरुष ओवाळतात का कधी? मेल्या, चालता हो, म्हटले. तो तरीही पाटावर बसून राहिला, खाली बघत.
लवकर कटकट मिटावी म्हणून ओवाळले. निरांजन हलत होते ते वाऱ्याने. दारे लावलेली होती, पण वारा असतो.
त्याने ओवाळणीत नारळ आणि खण घातला. म्हणे, खण तुळसासाठी घेऊन ठेवलेला, तिला द्यायचा राहिला.
मी एक शब्द बोललो नाही. मुद्दामच. अपमान म्हणून.

७ नोव्हेंबर
निश्चय : आजपासून दादाच म्हणवून घ्यायचे. ताई म्हणणाऱ्याला काठी.
आठ वाजता रघूची सून चंपा करंज्या घेऊन आली. काठी हातात घेतली. ती ताई म्हणालीच नाही. पदर घेऊन वाकली आणि म्हणाली, पाया पडते आत्याबाई.
काठी खाली ठेवून आशीर्वाद दिला. सून दुसऱ्याची, तिचा काय दोष? निघताना सांगून गेली, मामंजी म्हणतात, दुपारी माहेरी जेवायला या.
जाणार नाही, असे राहीला बजावले. ती म्हणाली, माहेरी रिकाम्या हाताने जाऊ नये.
कालचाच नारळ घेतला.