चेकियाचं कर्ज, माझं उट्टं

३ फेब्रुवारी, सोमवार. सायंकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. हेतू: पुरावा राहावा.

सकाळच्या मीटिंगमध्ये चेकियावरचं (म्हणजे झेक प्रजासत्ताक) माझं टिपण मांडलं. अकरा पानं. जीडीपी, महागाई, बेकारी, व्याजदर, चालू खातं, सरकारी कर्ज, आणि शेवटी माझा स्वतःचा भाग: 'एका मध्यम आकाराच्या देशाकडून जगाने काय शिकावं'. तीन आठवडे खपून लिहिलं होतं. सारंगने दोन मिनिटं चाळलं. (सारंग म्हणजे आमच्या युरोप डेस्कचा सीनिअर. मूळ पुण्याचा, दहा वर्षं सिंगापुरात, पीआर म्हणजे इथला कायमचा रहिवासी.) मग आमच्या बॉस मीनल मॅडमसमोर म्हणाला, "छान आहे गं सुलेखा. पण हे निबंध स्पर्धेला पाठव."

मॅडम हसल्या. ज्यांना मराठी येत नाही त्यांना त्याने इंग्रजीत समजावून सांगितलं. मग तेही हसले.

निबंध स्पर्धेत मी खरोखर जिल्ह्यात पहिली आले होते. हे त्याला माहीत असण्याचं काही कारण नाही. म्हणजे मुद्दाम केलं.

संध्याकाळी अकरा पानांचा सहा ओळींचा तक्ता होऊन परत आला. खाली नाव सारंगचं.

संकल्प: उट्टं काढायचं. कधी, कसं, हे अजून ठरलेलं नाही. पण काढायचं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सूड हा शब्द रात्रभर खटकला. मी सूडबुद्धीची नाही. हा प्रश्न डेटाच्या शुद्धतेचा आहे. योगायोगाने त्यात सारंग आहे.

पहिलं पाऊल: त्याला गुड मॉर्निंग म्हणणं बंद.

५ फेब्रुवारी, बुधवार

गुड मॉर्निंग बंद, दिवस दुसरा. परिणाम दिसतो आहे. सारंग दोनदा माझ्याकडे बघून गेला. अस्वस्थ वाटला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सारंगने माझ्या टेबलावर घशाच्या गोळ्या आणून ठेवल्या. आवाज बसलाय का, विचारलं. एसीचं तापमान वाढवायलाही सांगितलं त्याने.

गोळ्या घेतल्या नाहीत. एक घेतली. लिंबाची होती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ८.२०, ऑफिस, रॅफल्स प्लेस

काल चेक मध्यवर्ती बँकेने व्याजदर पाव टक्क्याने उतरवला. आजच्या टिपणात घातला. रोज सकाळी आठला चारशे ग्राहकांना जाणारं हे टिपण मी तयार करते, मी तपासते, बटणही मीच दाबते. नाव माझं कुठेच नसतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, दर रविवारी फोनवर हेच विचारतात. घरातली पहिली पदवीधर मी, सिंगापुरात फायनान्समध्ये मी, आणि दाखवायला छापील असं काही नाही. इचलकरंजीत आमचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक अण्णांना विचारतं, पोरगी तिकडं काय करती. अण्णा सांगतात, लिवती. मग गिऱ्हाईक म्हणतं, दाखवा की.

संध्याकाळी ६.३०

नवी योजना. सारंगचा सहा ओळींचा तक्ता मूळ चेक स्रोतांशी ताडून बघायचा. एक तरी चूक सापडेलच. पुण्याचा असला म्हणून काय झालं.

८ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसची पुलाउ उबीन बेटावर सायकलची सहल. जाणार नव्हते. पण शत्रूवर नजर ठेवलेली बरी, म्हणून गेले.

त्याच्या पुढे सायकल काढून दाखवायची असं बोटीतच ठरवलं होतं. तिसऱ्या चढावर चेन निघाली. सारंगने थांबून बसवली. हात काळे झाले त्याचे. मॅडमसमोर चांगुलपणा करण्याची त्याची ही जुनी खोड असणार.

(मॅडम तेव्हा अर्धा किलोमीटर पुढे होत्या. पण त्या मागे वळून बघणारच नाहीत असं त्याला कुठे माहीत होतं?)

९ फेब्रुवारी, रविवार

अण्णांचा फोन. नाव कवा येतंय, विचारलं. लवकरच, मी म्हणाले. मोठं काम हातात आहे, असंही म्हणाले. ते खोटं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जीडीपी: बरोबर. महागाई: बरोबर. बेकारी: बरोबर. युरोपात सगळ्यात कमी असणाऱ्यांपैकी. हे माझ्या अकरा पानांत फार सुंदर मांडलं होतं. व्याजदर: नवा घातलाय, बरोबर. चालू खातं: बरोबर.

माणूस इतका अचूक असतो तेव्हा संशय यायला हवा. मॅडमना येत नाही. मला आला आहे.

उरलं सरकारी कर्ज.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सायंकाळी ७.४५

सापडलं.

चेक अर्थखात्याच्या पानावर सरकारी कर्ज स्वच्छ लिहिलंय: 3,4 bilionu korun. तीन स्वल्पविराम चार. त्यांच्याकडे दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. नवखा माणूस इथे फसला असता. म्हणजे साडेतीन बिलियनलाही थोडे कमीच. आणि सारंगच्या तक्त्यात? ३.४ ट्रिलियन.

हजारपट!

ब्राउझर पानाच्या वर 'भाषांतर करा' असं बटण दाखवत होता. बंद केलं. मशीनवर विसंबून आकडे घ्यायचे दिवस गेले. मूळ पान, मूळ भाषा. शिवाय शब्द तोच आहे, फक्त एक एल कमी. काटकसरी लोक आहेत.

सगळं जुळतं. इतका सरळ, कमी बेकारीचा, मेहनती देश, त्याच्यावर एवढं कर्ज असेलच कसं? मी अकरा पानं हेच सांगत होते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चैत्रालीला सांगितलं. (माझी रूममेट, आयटीत आहे, बिशान भागातली ही खोली दोघींत घेतलीय.) हिशोबही करून दाखवला. चेकियाची लोकसंख्या एक कोटी नऊ लाख. कर्ज माणशी तीनशे बारा कोरुना. म्हणजे आपले सतरा सिंगापूर डॉलर.

ती मॅगी ढवळत होती. ढवळायची थांबली. म्हणाली, "म्हणजे अख्ख्या देशाचं कर्ज माणशी हॉकर सेंटरमधली तीन जेवणं?"

मी म्हणाले, चांगल्या स्टॉलवर दोनच.

"सुलेखा, एवढं कर्ज तर माझ्या एकटीच्या क्रेडिट कार्डावर आहे. तुला जरा विचित्र नाही वाटत?"

तिला समजावलं, की शिस्तीचा देश पाहिलेला नसला की असंच वाटतं. ती म्हणाली, निदान ते भाषांतराचं बटण दाब. मी म्हणाले, कोड लिहिणाऱ्यांनी अर्थशास्त्रात पडू नये. तिने मॅगी एकटीने खाल्ली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आता फक्त जागा निवडायची. मॅडमना एकांतात सांगता येईल. प्रामाणिक मार्ग तोच. पण अपमान चौघांत झाला होता. उट्टंही चौघांत निघालं पाहिजे.

संधी चालून आली आहे. बुधवारी प्रागहून एका पेन्शन फंडाच्या बाई येत आहेत, हाना द्वोरझाकोवा. सारंग त्यांना त्यांच्याच देशाचा तक्ता दाखवणार. त्यांच्याच देशाचं कर्ज हजारपट फुगवून! बाई काय म्हणतील, हा विचार करून मला आज जेवण गेलं नाही. आनंदाने.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तयारी. मूळ पानाचा स्क्रीनशॉट. 'bilionu' भोवती लाल गोल. गोल तीनदा काढला, तिसरा छान आला. भाषण पाठ: सुरुवात नम्र, मध्य ठाम, शेवटी क्षमा. हो, शेवटी सारंगला मी क्षमा करणार आहे. जिंकलेल्याने क्षमा करावी.

मॅडम संध्याकाळी म्हणाल्या, उद्या बाई गेल्यावर माझ्या केबिनमध्ये ये, तुझ्याशी एक चांगलं बोलायचंय. म्हणजे त्यांनाही सारंगचा संशय आलेला दिसतो.

अण्णांना मेसेज: उद्याचा दिवस मोठा आहे. अण्णांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. सात.

१९ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ८.०३

पाठवलं. सकाळच्या टिपणात, सगळ्यात वर, चौकटीत: 'दुरुस्ती: चेकियाचं सरकारी कर्ज आमच्या तक्त्यात हजारपट जास्त दाखवलं गेलं होतं.' चारशे ग्राहक. सारंगचं नाव घातलं नाही. मनाचा मोठेपणा.

सकाळी ९.५०

मॅडम अजून आल्या नाहीत. सारंग टिपण वाचायच्या आत बाईंना घ्यायला खाली गेला. देवाची योजना.

दुपारी १.१५, एमआरटी स्टेशनच्या बाकावर

ऑफिसात लिहिता येत नाही म्हणून इथे.

तक्ता पडद्यावर आला. सारंग कर्जाच्या ओळीपर्यंत पोचला आणि मी उभी राहिले. नम्र सुरुवात विसरले. सरळ मध्यावर आले, ठाम. स्क्रीनशॉट दाखवला. लाल गोल फार उठून दिसला. माणशी सतरा डॉलरही सांगितलं.

मला वाटलं, जिंकले.

मग हानाबाईंनी चष्मा वर केला. हळू आवाज आहे त्यांचा, लहान मुलाला झोपवताना असतो तसा. म्हणाल्या, "आमच्याकडे मिलियननंतर मिलियार्डा येतं. त्यानंतर बिलिओन. तुम्ही ज्याला ट्रिलियन म्हणता, ते आमचं बिलिओन."

मी ठरवून टाकलं की या बाई चुकत आहेत. मग आठवलं की त्या चेक आहेत.

बाई पुढे म्हणाल्या, माणशी सतरा डॉलर असतं तर आमचे अर्थमंत्री रोज नाचत कामाला गेले असते. सगळे हसले. या वेळी भाषांतर करून सांगायची गरज पडली नाही.

सारंग हसला नाही. ते सगळ्यात वाईट. त्याने बाईंना सांगितलं, की चेक भाषेतलं मूळ पान उघडून बघणारी आमच्याकडे ही एकटीच आहे. बाई म्हणाल्या, फार चांगली सवय. मी खाली बसले. माझ्या शत्रूने मला वाचवलं, तेही पाहुण्यांसमोर. याचंही उट्टं काढावं लागणार.

दुपारी ३.४०

मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन आले. त्यांच्या टेबलावर एक कागद होता. मार्चच्या वार्षिक चेकिया अहवालाच्या मुखपृष्ठाचा नमुना. लेखक: सुलेखा मगदूम. एकटी. मॅडम म्हणाल्या, सारंगने ४ फेब्रुवारीला सुचवलं होतं. त्याचं म्हणणं, अकरा पानं लिहू शकते, तिला जागा द्या. दैनिक तक्त्यात तिचं लिखाण वाया जातं.

४ फेब्रुवारी. गुड मॉर्निंग बंदचा पहिला दिवस.

मॅडम रागावल्या नाहीत. पुढच्या वर्षी बघू, म्हणाल्या, आणि कागद उलटा करून ठेवला. सारंगला सांगायचं असतं तर तो हे मला तेव्हाच सांगू शकला असता. मी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं होऊ शकत नाही. काहीतरी डाव होता. काय, ते अजून कळलेलं नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काल संध्याकाळी चारशे ग्राहकांसाठी खुलासा लिहायला सांगितला. रात्रीत पाच पानं लिहिली. युरोपात मोठ्या आकड्यांची नावं वेगवेगळी का, त्यात इंग्रजीचा दोष किती, आपल्याकडे अब्ज आणि खर्व यांत असा घोळ का होत नाही, हे सगळं सविस्तर. लिहिताना दुःख कमी झालं.

सारंगने दोन ओळी ठेवल्या. 'कालची दुरुस्ती चुकीची होती. आधीचा आकडा बरोबर आहे.'

मी विचारलं, खाली डेस्कचं नाव घालू ना? तो म्हणाला, नाही गं, नियम आहे. अहवाल कुणाच्याही नावाने जातो. खुलासा ज्याचा त्याच्या नावाने.

आज सकाळी आठला बटण मीच दाबलं.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११

अण्णांचा फोन. बुधवारचं काय झालं, विचारलं. मी म्हणाले, नाव आलं. छापून. एकटीचं.

मग आईला हाक मारली त्यांनी, ती कणकेच्या हाताने आली असावी, कारण फोन नको म्हणाली. किती गेलं, अण्णांनी विचारलं. चारशे जणांना, मी म्हणाले. सगळ्या देशांत? सगळ्या देशांत.

मग अण्णा म्हणाले, "इंग्रजी मला कळायचं न्हाई. काय लिवलंयस, तेवढं सांग."

सांगितलं. आधीचा आकडा बरोबर आहे, असं लिहिलंय.

"म्हंजी तुझंच खरं झालं."

मी हो म्हणाले.

त्यांना ते दुकानात लावायचंय, काच घालून. पीडीएफ पाठवली. त्यांनी विचारलं, दोनच ओळी हाईत, मोठं करून छापू का? मी म्हणाले, नाव तेवढं मोठं करा.

जमेची बाजू: सारंगचं नाव त्यात कुठेही नाही.