जिभेचा रोजचा फोटो

३ नोव्हेंबर.
बायको, यिन्लान, नातीला सांभाळायला शेन्झेनला गेली त्याला आज चौदा महिने झाले. 'तीन महिन्यांत येते' म्हणाली होती. मी मोजत नाही, सहज लक्षात आलं. एकटा मजेत आहे. पोटाची तेवढी जुनी तक्रार: जळजळ, ढेकर. एंडोस्कोपीत सूज निघाली. गोळ्यांचा उपयोग शून्य. उद्या वैद्य पेईबाईंकडे.

४ नोव्हेंबर.
पेईबाईंनी दोन्ही मनगटांच्या नाड्या पाहिल्या, जीभ पाहिली. म्हणाल्या, यकृतात राग कोंडलाय, तोच पोटावर चाल करून जातो. तानकाका, घरात कुणाशी भांडलात का? म्हटलं, घरात बोलायलाच कुणी नाही, भांडू कुणाशी? म्हणाल्या, मग तेच. बाई हुशार आहेत, पण अनुभव कमी. दोन वेळा काढा, थंड बंद, जेवताना सोबत कुणीतरी हवं. सोबतीचं सोडून सगळं पाळणार.

५ नोव्हेंबर.
यिन्लानचा मेसेज: रोज सकाळी जिभेचा फोटो पाठवा, बिघडलं तर लगेच येते. कळवलं, काही गरज नाही. सतरा फोटो काढून एक पाठवला. उत्तरात अंगठा.

१२ नोव्हेंबर.
जिभेवर जाड पांढरा थर. यिन्लानचा फोन! थंड बिअर प्यायलात ना, म्हणून अकरा मिनिटं झापलं. दिवस छान गेला.

२० नोव्हेंबर.
जीभ गुलाबी. पेईबाई खूश. यिन्लानचा नुसता अंगठा. या काढ्यात काहीतरी खोट आहे.

२१ नोव्हेंबर.
काढा बेसिनमध्ये ओतला. शरीरानं स्वतःच्या बळावर उभं राहावं, हे माझं तत्त्व. बर्फ घालून बिअर घेतली.

२३ नोव्हेंबर.
तरी गुलाबी! शरीरसुद्धा ऐकत नाही.

२४ नोव्हेंबर, सकाळी ६.३०.
फोटोआधी तीन संत्री चघळली. झकास पिवळा थर. लगेच व्हिडिओ कॉल. यिन्लान घाबरली होती. तिकीट बघते म्हणाली. म्हटलं, कशाला उगाच. दुपारी तिची उशी उन्हात टाकली. ऊन चांगलं होतं म्हणून.

२६ नोव्हेंबर.
तिनं तो फोटो पेईबाईंना पाठवला होता. बाईंचा निरोप: काकांना सांगा, संत्री खाऊन जीभ दाखवू नये. वीस तारखेलाच नाडी पाहिली, पोट ठणठणीत आहे. यिन्लान खूप हसली. म्हणाली, जिवावरचं ओझं उतरलं. आता नात शाळेत जाईपर्यंत इथे निर्धास्त राहते. आणि ते फोटो बंद करा आता, फोन भरतो.

२७ नोव्हेंबर, सकाळी ६.३०.
जीभ उत्तम. फोटोही पहिल्यांदाच एका झटक्यात चांगला आला. कुणाला पाठवू?