खिडकीतली पांढरी चादर

माइन्झ बंदर, गुरुवार

प्रिय आई,

बोटीवरून तुमच्या सुनेचा नमस्कार. आम्ही सुखरूप आहोत. या खेपेला कोळसा भरलाय. तुम्ही दिलेला मनुकांचा केक तुमच्या लोथारनं एकट्यानं फस्त केला. तुमचे गुडघे कसे आहेत?

तुमचा राग पत्रातून पोचला. मागच्या खेपेला तुम्ही नेहमीसारखी खिडकीतून चादर हलवलीत आणि त्यानं भोंगा वाजवला नाही. "लेकाला शिंगं फुटली," असं लिहिलंत. तसं नाही हो. ऱ्हाईनचं पाणी उतरलंय, खडक वर आलेत, त्याचं सगळं लक्ष तिकडे होतं.

हल्ली मी स्वयंपाक टाकून सुकाणूपाशीच उभी असते. "पाण्यावरचा लाल बोया आला बघ, केवढा गंजलाय!" असं गप्पा मारल्यासारखं बोलत राहते. तो म्हणतो, "तुझी टकळी थांबवू नकोस." काल लोरेलायच्या वळणावर मला ठसका लागला आणि मी गप्प झाले. समोरून तेलाची बोट येत होती. तिनं भोंग्यावर भोंगे दिले, तेव्हा कुठे यानं चाक फिरवलं. नंतर तो हसला.

कुणाला सांगितलंस तर नदीत उडी घेईन, म्हणतो. ही बोट सोडावी लागली तर राहायचं कुठे? एकटीला झेपत नाही हो, आई.

रविवारी सकाळी परतताना तुमच्या खिडकीखालून जाऊ. चादर हलवू नका. बाबांच्या बोटीवरची जुनी घंटा आहे ना, ती वाजवा. जोरात वाजवा.

तुमचीच,
इर्मगार्ड