महिरपी कंस काढणार नाही

तीर्थस्वरूप आत्यास,

तुझ्या भाचीचा वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (जिने चढू नकोस. सांगून उपयोग नाही, तरी सांगते.) मी खुशाल आहे, फक्त तुझ्या यजमानांशी भांडून बसले आहे. घरी ते माझे आतोबा असतील, छापखान्यात मालक आहेत, आणि आज त्यांचं साफ चुकलं.

झालं असं, की एका निवृत्त मास्तरांचं गणिताचं पुस्तक माझ्याकडे जुळणीला आलंय. पानोपानी चलांच्या याद्या, महिरपी कंसांत बसवलेल्या. यादीच्या पोटात आणखी यादी, तिलाही कंस. (प्रूफं वाचणाऱ्या बाई मोठ्यानं 'चल एक, चल दोन' म्हणाल्या की शिपाई उठून उभाच राहतो.) आता मी संगणकाच्या ज्या भाषेत पानं जुळवते, तिला हे कंस स्वतःच्याच कामाला लागतात. मी टाइप केले की ती गिळते आणि ढेकरही देत नाही. प्रत्येक कंसाआधी उलटी तिरपी रेघ दिली तरच तो कागदावर उमटतो. दोनशे बारा याद्या अशा हातानं दुरुस्त करताना एक कंस मिटायचा राहिला आणि अख्खं सातवं प्रकरण गायब!

आतोबा म्हणाले, "साधे गोल कंस लाव. कोण बघतंय?"

"मास्तर बघतील. गोल कंसात क्रम बदलला की अर्थ बदलतो, महिरपीत बदलत नाही. पोरं चुकीचं शिकतील."

"मालक कोण, तू की मी?"

मालक तुम्हीच, म्हटलं, पण कंस महिरपीच राहणार. तिथल्या तिथे राजीनामा लिहून हातात दिला. चष्मा जवळ नव्हता, म्हणून त्यांनी तो कागद न वाचताच कोटाच्या खिशात कोंबला. मी मात्र खुर्चीवरून हलले नाही. यादीसाठी स्वतःचीच एक आज्ञा लिहिली: आत नुसती चलं द्यायची, दोन्हीकडचे कंस आपोआप लागतात, यादी उंच असली तर तेही उंच होतात. चार वाजता सातवं प्रकरण परत आलं. पाचला मास्तर आले, पानावरून बोट फिरवत म्हणाले, "माझे कंस आजवर कुणी असे जपले नव्हते." त्यावर आतोबा (छाती काढून!) म्हणाले, "आमच्याकडे कंसांच्या बाबतीत तडजोड नाही."

मी आठवं प्रकरण उघडलं. पण माफी मागणार नाही, सांगून ठेवते.

तुझी हट्टी
भाची

ता. क. पत्र शिपायाबरोबर पाठवतेय, आतोबा पोचायच्या आत वाच. ते आले की कोट धुवायला माग आणि खिशातला कागद फाडून टाक. त्यांनी अजून वाचलेला नाही.

ता. क. २ विचारलंच तर धुण्यात गेला म्हण. मी माघार घेतली असं म्हणायचं नाही.