परतीचं वजन

३ डिसेंबर

ठरलं. विमान घ्यायचं!

निलेश म्हणाला, भावोजी, गाडीने गावाला जायला बारा तास, त्यापेक्षा छोटं विमान घेऊ. तो चेष्टेत म्हणाला. मी नाही. वनमालाचा हा धाकटा भाऊ बोरिवलीला केटरिंग करतो, तोंडाने सढळ आहे. या वेळी शब्दात पकडला. आमची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा बिल्डरने दिलेली रक्कम नुसती पडून आहे. निम्मे माझे, निम्मे त्याचे. चालवायला जान्हवी — माझी पुतणी, मुलुंडला असते, पायलट होऊन वर्ष झालं, नोकरी नाही. फेब्रुवारीत गावची जत्रा. सकाळी उडायचं, देवीची ओटी भरायची, दुसऱ्या दिवशी जेवायला घाटकोपरला परत.

अख्खा जन्म घाटकोपरला गेला. विमानं उतरताना आमच्या डोक्यावरून जातात. इथली रीतच आहे — विमान आलं की बोलणं थांबवायचं, गेलं की पुढे चालू. नुसतं पोट बघून मी कुठलं विमान ते सांगतो. आत मात्र अजून एकदाही बसलेलो नाही.

वनमालाला सांगितलं. ती म्हणाली, बरं. मग शेंगा सोलत बसली.

६ डिसेंबर

दोन सीटचं विमान बाद. एक सीट जान्हवीची. दुसऱ्या सीटवर मी बसणार असं म्हटल्यावर निलेशने फोनच ठेवला. सहा सीटचं परवडत नाही. म्हणजे चार सीटचं. इंजिन एकच. ते बंद पडलं तर काय, असं वनमालाने विचारलं. जान्हवी म्हणाली, तर विमान तरंगत खाली येतं, काकू. वनमालाला हे आवडलं. म्हणाली, माणसांपेक्षा बरं आहे.

१३ डिसेंबर

आज वजनं घेतली. जान्हवीचं म्हणणं, विमान निवडायच्या आधी खरी वजनं पाहिजेत. हे मला सांगते! चौतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली. वाण्याचा काटा दारातूनच ओळखायचो. असल्फ्याच्या भंगारवाल्याकडून मोठा काटा आणला, तपासला, मगच सगळ्यांना बोलावलं.

जान्हवी ५४. मी ७१. निलेशने फोनवर ८२ सांगितलं होतं. काटा म्हणाला ९६. त्याने किल्ल्या काढल्या, मोबाइल काढला, पट्टा काढला, शेवटी गळ्यातली साखळी काढली. साडेपंच्याण्णव. मग म्हणाला, काटा खराब आहे. माझा काटा! मी त्याच्याशी अर्धा तास बोललो नाही.

वनमाला शिलाई मशीनचं डोकं कडेवर घेऊन काट्यावर उभी राहिली. साडेसत्तर. हे कशाला म्हटलं, तर म्हणाली, हे पण येणार. जत्रेला शिलाई मशीन कोण नेतं? पण हट्टाला पेटली. मशीन वेगळं केलं — साडेबारा किलो. ती ५८. म्हणाली, येताना आणणार नाही. म्हणजे येताना साडेबारा किलो वाचले! बायकोला हिशोब कळतो. हे मी आजवर बोलून दाखवलेलं नाही.

२१ डिसेंबर

हॉलमध्ये तालीम घेतली. विमानाची आतली रुंदी जेमतेम एक मीटर. जमिनीवर चिकटपट्टी मारली, आत चार प्लास्टिकच्या खुर्च्या. पुढे जान्हवी आणि निलेश, मागे मी आणि वनमाला. जड माणूस पुढेच हवा, नाहीतर विमान मागे कलंडतं. दोन तास उठायचं नाही असा नियम केला. बाथरूमलाही नाही.

वीस मिनिटांत निलेश घोरायला लागला. त्याचा खांदा जान्हवीच्या हातावर, तिला काल्पनिक दांडा हलवता येईना. दार उघडं होतं. समोरच्या फ्लॅटमधली बाई डोकावून गेली. आम्ही सतराव्या मजल्यावर राहायला येऊन दोन वर्षं झाली, ती आज पहिल्यांदा दिसली.

वनमाला मांडीवर मशीन धरून बसली होती. म्हणाली, मी काय म्हणते, गावाला गेल्यावर मी— आणि विमान आलं. खिडकीतून पोट दिसलं. मी म्हटलं, हे कतारकडचं, मोठं आहे, दोन इंजिनांचं. त्यावरून जान्हवीशी इंजिनांबद्दल बरंच बोलणं झालं. वनमाला नंतर गप्पच होती. भूक लागली असावी.

२२ डिसेंबर

कंबर धरली.

३० डिसेंबर

विमान सापडलं! बंद पडलेल्या एका फ्लाइंग क्लबचं. जान्हवी बघून आली. इंजिन ठीक, रंग गेलेला, मागच्या सीटवर मांजरीची पिल्लं.

पण एक गोष्ट मला पटलेली नाही. जान्हवी म्हणते, चार सीट भरल्या तर टाकी पूर्ण भरायची नाही. टाकी पूर्ण भरली तर चौथा माणूस खाली ठेवायचा. दोन्ही एकदम मिळत नाही. निलेशने विचारलं, मग चार सीट बसवल्या कशाला? मुद्दा बरोबर होता. हे आमच्या खात्याच्या हाती लागलं असतं तर कंपनीवर खटलाच भरला असता. पाकिटावर लिहायचं चार आणि आत तीन!

दुपारी तोडगा काढला. जाताना चौघं आणि लागेल तेवढंच पेट्रोल. परतीचं पेट्रोल टेम्पोने आधीच गावाला. सगळं तक्त्यात बसलं. वनमाला चहा घेऊन आली, उभी राहिली, येताना म्हणजे, असं काहीतरी सुरू केलं, तेवढ्यात विमान आलं. ती कप ठेवून गेली.

५ जानेवारी

गावाला चुलतभाऊ सहदेवला फोन केला. सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, एका कारखानदाराने कधीकाळी विमानासाठी पट्टी केली होती, कारखाना आलाच नाही. सहदेव म्हणाला, "दादा, पट्टी आसा. पन अर्ध्यात काजी लावल्यानी. उरलेल्यावर ढोरां चरतत." ढोरं हाकलायची जबाबदारी त्याने घेतली. काजू तोडायला नाही म्हणाला. यंदा मोहोर चांगला आहे.

वनमालाने फोन मागून घेतला आणि गॅलरीत जाऊन त्याच्याशी बराच वेळ बोलली. कौलं, विहीर, असलं काहीतरी.

८ जानेवारी

वाट लागली. जान्हवीने गणित करून पाठवलं. उरलेल्या पट्टीवर उतरता येईल. पण उडायला जास्त जागा लागते. चौघांना घेऊन विमान सुटणार नाही, सरळ काजूत जाईल. तिघं असतील तर सकाळच्या गारव्यात सुटेल.

म्हणजे जाताना चौघं, येताना तिघं. एकाने ट्रेनने यायचं. जान्हवी पायलट. निलेश म्हणतो, निम्मं विमान माझं. उरलेलं निम्मं माझं. राहिली वनमाला. पण बायकोला ट्रेनने धाडायचं आणि आपण वरून यायचं, हे बरं दिसत नाही.

१२ जानेवारी

निलेश चार दिवस नुसती मुगाची खिचडी खातोय. वजन ९७.

१७ जानेवारी

हे नीट लिहून ठेवायला हवं.

सकाळी स्वयंपाकघरात परतीचा तक्ता मांडून बसलो होतो. निलेशचे बूट काढले, माझी पाण्याची बाटली काढली, तरी जमेना. वनमाला पलीकडे भाजी निवडत होती. म्हणाली, "येताना माझं वजन धरू नका."

मी म्हटलं, ट्रेनने एकटी कशी येशील?

"ट्रेनने पण नाही. मी तिथेच राहणार आहे."

जत्रा संपेपर्यंत, असं मी म्हटलं. तिने मान हलवली. नाही.

मग बोलली. एवढं एकदम बोलताना तिला बऱ्याच वर्षांत ऐकलेलं नाही. चाळीत दार उघडं असायचं, इथे दार लावलं की दिवस संपतो. दोन वर्षांत एक ब्लाउज शिवायला आला नाही. गावच्या पडवीत मशीन टाकीन, सहदेवने कौलं परतून ठेवली आहेत, विहिरीला पाणी आहे. तुम्हाला टाकून जात नाही, तुमचं मन असेल तर या. पण तुमची विमानं इथे आहेत, तिथे आभाळात घारीशिवाय काही नाही, हे मला ठाऊक आहे.

मी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं?

"दोनदा सांगायला आले. विमान आलं."

"मग गेल्यावर सांगायचं."

"गेल्यावर तुम्ही विमानाचंच बोलता."

मला राग आला. मग लाज वाटली. मग भीती वाटली, ती अजून आहे. चौतीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासले. साडेबारा किलोचं मशीन माझ्यासमोर काट्यावर चढलं, येताना आणणार नाही असं तोंडाने सांगितलं, आणि मी वहीत लिहिलं, वाचले!

तिला वगळून तक्ता पुन्हा मांडला. अगदी बरोबर जुळला.

१८ जानेवारी

जान्हवीला फोन केला. विचारलं, येताना तू आणि निलेश दोघंच असलात तर?

"मग पट्टी पुरून उरेल, काका. पण तुम्ही?"

वनमाला भाजी चिरायची थांबली. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. कुठलं ते बघितलं नाही.